आजोबांनी लिहिलेला ‘माझे आजोबा’

मी मुलांना इंग्रजीत लिहायला शिकवते. बोलायला नाही, लिहायला. हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “म्हणजे ग्रामर?” ग्रामर येतं मधेमधे, पण माझं खरं काम त्याच्या आधीचं. मुलाकडे सांगण्यासारखं काय आहे ते त्याच्याकडून काढून घ्यायचं आणि मग ते कागदावर उतरवायला त्याला मदत करायची. ऐकायला सोपं वाटतं. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

इंदूरच्या सुदामा नगरात आमच्या घराच्या वरच्या खोलीत हा वर्ग चालतो. चौथी ते आठवीची मुलं असतात. खाली सतरंजी, भिंतीला फळा, आणि आईवडील न्यायला लवकर आले तर त्यांच्यासाठी एक बाक. या अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मी म्हटलं, माझ्याकडे काय आहे, मुलांच्या गमतीच आहेत. पण एका गमतीचा मी इतकी वर्षं पाठलाग करते आहे, तेव्हा तीच सांगते.

तिची सुरुवात टॉमीपासून झाली. वर्ग नवा होता. अथर्व नावाच्या पाचवीतल्या मुलानं पाळीव प्राण्यावर फार छान निबंध लिहिला. टॉमी काळा-पांढरा आहे, तो रोज गेटपाशी माझी वाट पाहतो, त्याला दूध आवडतं. पुढे काही कारणानं मी अथर्वच्या घरी गेले, तेव्हा चहा होईतो विचारलं, “टॉमी कुठंय रे?”

अथर्वनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मॅम, टॉमी तो निबंध में है ना.”

त्याची आई म्हणाली, “कुत्रा कुठला हो मॅडमजी, आमच्याकडे तुळससुद्धा टिकत नाही.”

घरी येऊन मी सगळ्यांचे निबंध पुन्हा वाचले. इंग्रजीत प्रत्येकाच्या घरापुढे बाग होती. प्रत्येकाचे वडील रविवारी मुलांना प्राणिसंग्रहालयात नेत होते. सुट्टीत सगळेच आजोळी जात आणि प्रत्येकाच्या आजोळी नदी होती. सकाळी सगळी मुलं ब्रेड-बटर खात. वर्गाला येतात तेव्हा मात्र यांच्या हाताला पोह्यांचा आणि त्यांवर भुरभुरलेल्या जीरावन मसाल्याचा वास! दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “पोहे का नाही लिहिले कुणी?”

“इंग्लिशमधे पोहे थोडी खातात, मॅम!” एक मुलगी म्हणाली.

दुसऱ्यानं मला नीट समजावलं, “सच्ची का हिंदी में लिखते हैं, मॅम. इंग्लिश में सच्ची का नहीं लिखते.” नवख्या माणसाला रस्ता सांगावा तशा सुरात तो बोलत होता. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मला राग आला नाही, नवल वाटलं. हे यांना शिकवलं कुणी? विचार करता करता मी मनानं माझ्या गावी, सांवेरला पोचले. माझी शाळा तिथली, सरकारी, हिंदी माध्यमाची. इंग्रजी सहावीत आलं. गुरुजी फळ्यावर निबंध लिहून द्यायचे, आम्ही तो पाठ करायचो. त्या निबंधात आमच्याकडे एक गाय होती. वर्गातल्या सगळ्यांकडे तीच गाय. खरं तर माझ्या वडिलांचं बसस्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, पण ते दुकान इंग्रजीत आणता येतं हे मला माहीतच नव्हतं. गुरुजींचा दोष नाही. त्यांच्या निबंधांवर मी पास झाले, बसनं इंदूरला येऊन कॉलेज केलं, आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. मी दुकानात बसून मोठ्यानं इंग्रजी वाचायची आणि वडील पंक्चर काढता काढता ऐकायचे. त्यांना एक अक्षर कळत नसे, तरी मी थांबले की म्हणायचे, “मग पुढे?” त्या दोन शब्दांचे उपकार मोठे आहेत.

वर्गात मी एक पद्धत घातली. लिहिण्याआधी सांगायचं. मराठी, हिंदी, माळवी, खिचडी, जी जिभेवर येईल त्या भाषेत. मग इंग्रजीत लिहायचं आणि सगळ्यांपुढे वाचायचं. वाचून झालं की इतरांनी प्रश्न विचारायचे. कुणाला एकही प्रश्न पडला नाही, तर लेखन परत. कारण प्रश्न पडला म्हणजे ऐकणाऱ्याला काहीतरी दिसलं आणि त्याला आणखी पाहायचंय. बस, एवढंच माझं शास्त्र.

यावरून कटकटी झाल्याच. एका मुलानं लिहिलं की माझे पप्पा स्कूटरच्या चावीनं कान कोरतात आणि मग चावीचा वास घेतात. त्याची आई दुसऱ्या दिवशी जिना चढून वर आली. “मॅडमजी, ये सब लिखवाते हो आप? इंग्लिश की कुछ तो इज्जत रखो!”

मी म्हटलं, “मुलांनी यावर इतके प्रश्न विचारले की वेळ संपली.”

तिनं विचारलं, “क्या पूछा?”

“पप्पांना कळतं का, की तू पाहतोस?”

तिनं ओढणी तोंडावर धरली आणि बाकावर बसून हसली. मुलगा वर्गात राहिला. पण सगळेच राहिले नाहीत. काही पालकांनी मुलं काढून पलासिया भागातल्या कोचिंगला घातली. त्यांचंही चूक नाही. परीक्षेत घोकलेल्या निबंधाला गुण मिळतात, आणि गुण मिळवूनच मी इथवर आले आहे.

आता सईची गोष्ट. ती माझ्याकडे आली तेव्हा पाचवीत होती. तिचे वडील मकरंद बँकेत. त्यांची बदली जबलपूरला झाली आणि ते, सईची आई आणि धाकटा भाऊ तिकडे गेले. सईचं वर्ष बुडू नये म्हणून ती आजोबांपाशी राहिली. तिची शाळा मात्र पाचवीपर्यंतच होती. पलासियाच्या पलीकडे एक मोठी, नावाजलेली शाळा आहे, तिथे सहावीसाठी थोड्या जागा असतात. घरात असं ठरलं की तिथे प्रवेश मिळाला तर सईनं इंदूरला आजोबांकडे राहायचं, नाही तर जबलपूर. “एवढी चांगली शाळा मिळत असेल तरच पोरीला माझ्यापासून लांब ठेवण्यात अर्थ आहे,” असं तिच्या आईनं मला फोनवर सांगितलं. त्या शाळेची परीक्षा म्हणजे इंग्रजीत एक पानभर लेखन आणि त्या लेखनावर थोडं बोलणं. म्हणून सई माझ्याकडे.

आजोबांना सगळी कॉलनी आबासाहेब म्हणे. घराणं होळकरांच्या पागेतलं, स्वतः आबासाहेब सरकारी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पत्नी जाऊन काही वर्षं झाली होती. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. सईला पोचवायला येत, जिन्याखालीच थांबत आणि वर येत नसत.

सरावासाठी मी मुलांना घरातल्या एका माणसावर लिहायला सांगितलं. सई दुसऱ्या दिवशी, आधी तोंडी न सांगताच, थेट लिहून घेऊन आली आणि उभी राहून ‘माझे आजोबा’ वाचू लागली. इंग्रजी असं की एक चूक काढून दाखवा. मराठीत सांगायचं तर असं काहीसं: ‘माझे आजोबा नियमित सवयींचे गृहस्थ आहेत. त्यांची सचोटी संशयातीत असून वर्तणूक समाधानकारक आहे. सोपवलेली कामे ते विहित मुदतीत पूर्ण करतात. त्यांच्याविरुद्ध आजवर काहीही प्रतिकूल आढळून आलेले नाही.’

वाचून झालं. मी म्हटलं, “विचारा.”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी कुणाल नावाचा मुलगा म्हणाला, “मॅम, इसमें तो पूछने का कुछ है ही नहीं.”

“सई, प्रतिकूल म्हणजे काय गं?” मीच विचारलं.

“माहीत नाही, मॅम. पण आबा म्हणाले, ते वाक्य पाहिजेच.”

नियमाप्रमाणे लेखन परत गेलं. रात्री जेवताना मी ती वाक्यं घरी सांगितली, तेव्हा माझे यजमान, तेही सरकारी नोकरीतले, हसून म्हणाले, “अगं, हा तर सी.आर. आहे!” सरकारी नोकरीत दरवर्षी साहेब हाताखालच्या माणसाचा गोपनीय अहवाल लिहितात, त्यातली ही वाक्यं. म्हणजे ‘माझे आजोबा’ हा निबंध आजोबांनीच लिहिला होता, आणि स्वतःबद्दल लिहायचं म्हटल्यावर त्यांना जे सर्वांत चांगलं ठाऊक होतं ते लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी आबासाहेब पहिल्यांदा जिना चढून वर आले.

“मॅडम, सगळी नोकरी ड्राफ्टिंगमधे गेली. माझा मसुदा कधी परत आला नाही. तुम्ही परत पाठवलात. कारण समजू शकेल?”

“आबासाहेब, मुलांना त्यात प्रश्न पडला नाही.”

“प्रश्न पडू नये म्हणूनच तर तसा लिहिला!” ते खरोखर चकित झाले होते. “देखिए, वर गेलेल्या कागदावर क्वेरी आली की समजायचं, मसुदा कच्चा. वाचणाऱ्याला सही करण्यावाचून दुसरं काही सुचताच कामा नये. आम्ही नव्या पोरांना हेच शिकवलं.”

लेखन म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते माझ्या समजुतीच्या नेमकं उलटं होतं. बरं, ते खोटंही नव्हतं. कुणाच्या पेन्शनच्या कागदावर क्वेरी आली की त्या माणसाची काय दशा होते, हे त्यांनी पाहिलं असणार. त्यांच्या त्या पक्क्या मसुद्यांनी कितीतरी घरं चालली असतील.

“आज बसता का वर्गात?” मी विचारलं.

ते बाकाच्या टोकाला ताठ बसले. मी सईला म्हटलं, काल न सांगताच लिहिलंस, आज नुसतं सांग. आबासाहेबांबद्दल, तुला वाटेल ते. सईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिची जीभच हलेना. तेव्हा कुणालच म्हणाला, “ये बता, तेरी चोटी ऐसी क्यों रहती है? इतनी टाइट?”

सगळ्यांनी तिच्या वेण्या पाहिलेल्या होत्या. दोन वेण्या, टोकाला पांढरी सुती फीत आणि तिची एक विचित्र चपटी गाठ.

“आबा घालतात,” सई म्हणाली. “आई जबलपूरला गेली तेव्हा त्यांना वेणी येत नव्हती. मोबाइलवर बघून शिकले. रबरनं केस ओढले जातात म्हणून फितीनं बांधतात. फाइलची गाठ आहे ती.”

“फाइल की?”

“हो, ऑफिसमधे फाइल बांधतात ना, ती. कितीही पळा, सुटत नाही.”

“फिर तू कैसे खोलती है?”

“माझ्यानं नाही सुटत. संध्याकाळी आबाच सोडतात.”

मग काय विचारता! गाठ शिकवाल का, दुखतं का, आबा चुकतात का. एका मुलीनं थेट बाकाकडे वळून विचारलं, “दादाजी, पहिल्या दिवशी किती वेळ लागला?”

आबासाहेब घसा साफ करून म्हणाले, “प्रारंभी विलंब होत असे.” वर्ग खदखदून हसला. ते हसले नाहीत, पण पाठ थोडी बाकाला टेकली.

मुलं गेल्यावर ते मागे थांबले. सईला खाली पाठवलं आणि मला म्हणाले, “हे कागदावर नको, मॅडम.”

“का?”

“घरात बाई नाही, म्हातारा पोरीच्या वेण्या घालतो. शाळावाले वाचून काय म्हणतील? या घरात मुलीचं बघायला कुणी नाही, म्हणतील. कागदावर गेलं की ते राहतं.” खिशातलं पेन काढलं, पुन्हा लावलं. “ॲडमिशन व्हायला हवं, बस. ती इथे...” वाक्य तिथेच सोडून ते जिना उतरले. मसुदा अर्धा टाकणारा माणूस नव्हता तो.

मी अडचणीत पडले. माझी पद्धत मला प्यारी, पण डाव माझा नव्हता. माझ्या शास्त्राचं काहीही होवो, जागा हुकली तर एक म्हातारा माणूस त्या घरात एकटा राहणार होता. सईला मी सांगितलं, आबांचा निबंध तुला पाठ आहे, वेण्यांची गोष्ट तुझी आहे. दोन्ही चांगलं आहे. तिथे बसल्यावर तू ठरव. आणि आबासाहेबांना सांगितलं की मी तिला असं सांगितलंय. त्यांनी फक्त “ठीक” म्हटलं.

परीक्षेत रोज दिसणाऱ्या एका माणसाबद्दल लिहायला आलं. सईनं वेण्यांचं लिहिलं. तिची वाक्यं लहान होती, आबासाहेबांच्या तोडीची नव्हती. नंतर बोलायला आत बोलावलं, तर इतर मुलं पटकन बाहेर आली आणि ही आतच. ती बाहेर आली तेव्हा आबासाहेब दारापाशी येरझारा घालत होते, असं तिनं सांगितलं. “मॅम, आत इतकं विचारलं! एक मॅडम तर म्हणाल्या, गाठ दाखव. मी त्यांना आबांची गाठ शिकवली!” तिचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, झालंच काम.

यादी लागली, तिच्यात सईचं नाव नव्हतं.

का नव्हतं, हे शाळा सांगत नाहीत. स्पेलिंगं चुकली असतील. जागा कमी असतील. किंवा आबासाहेब म्हणाले तेच झालं असेल. तो घोकलेला निबंध लिहिला असता तर? हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारते. उत्तर मिळत नाही, आणि न मिळणं मला टोचतं. आबासाहेबांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. तेही टोचतं.

मकरंद सईला न्यायला आला, तेव्हा तिघं मला भेटायला वर आले. वर्ग भरायला अवकाश होता. मी चहा केला. मकरंद भला माणूस, पण शांतता त्याला सोसत नाही. तो बोलत होता, तिकडची शाळाही चांगली आहे, सईला मैत्रिणी मिळतील, आबांकडे स्वयंपाकाला एक बाई लावून दिली आहे, महिन्यातून एकदा येऊन जाईन. “आबांना इंदूर सोडवत नाही ना, मॅडम. काय करणार.”

आबासाहेब बशीत चहा ओतत होते.

सई सतरंजीवर तिच्या नेहमीच्या जागी बसली होती. मुलांनी वाचलेलं ऐकताना बसायची तशी, हनुवटी गुडघ्यावर टेकून. तिनं विचारलं, “आबा, तुम्ही का नाही येत?”

मकरंदचं बोलणं थांबलं. मला वाटलं, आबासाहेब काहीतरी पक्कं वाक्य बोलतील आणि विषय मिटेल.

“मला कुणी विचारलं नाही,” ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. नुसती माहिती होती.

“आबा!” मकरंद उठून उभाच राहिला. “तुम्हीच तर म्हणत असता, इंदूर सोडून माणूस जाणार कुठे!”

“म्हणत असतो. असं लिहून कुठे दिलंय?”

मला हसू आलं, पण दुसरं कुणी हसलं नाही. मकरंद वडिलांकडे वळला आणि हळू आवाजात, जणू खूप अवघड वाक्य असावं तसा म्हणाला, “मग येता का, आबा?”

“विचार करावा लागेल.” आबासाहेबांनी कप बशीत ठेवला, बशी बाकावर ठेवली. “घर कितव्या मजल्यावर आहे?”

“तळमजल्यावर. भाड्यानं घेतानाच तळमजल्याचं पाहिलं.”

“तळमजलाच का?” सईनं लगेच विचारलं.

मकरंदनं एकदा वडिलांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग तो चपला घालायला जिन्याकडे गेला. आबासाहेबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सावकाश उठले.